मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरला आहे: आधी आतड्याची शस्त्रक्रिया, आधी यकृताची, की दोन्ही एकदम?

प्रश्न: गोदाकाठची लेक, परभणी जिल्हा

सर्वांना नमस्कार. माझे वडील ५९ वर्षांचे आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते शेती स्वतः करतात. गेल्या उन्हाळ्यापासून त्यांना शौचावाटे रक्त जात होते, पण मूळव्याध असेल असे धरून जवळजवळ आठ महिने गावातल्या गावातच औषधे घेण्यात गेले. दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या दिवसांत बांधावरून चालतानाही त्यांना धाप लागू लागली, तेव्हा रक्त तपासले आणि हिमोग्लोबिन ८.२ निघाले. पुढे नांदेडला आतड्याची दुर्बिणीतून तपासणी झाली. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणात, म्हणजे सिग्मॉइड भागात, गाठ आहे. दुर्बीण थोड्या प्रयत्नाने गाठीच्या पलीकडे गेली, मार्ग पूर्ण बंद झालेला नाही, असे अहवालात लिहिले आहे. तुकडा तपासून कॅन्सर निश्चित झाला.

सीटी स्कॅनमध्ये यकृतात चार गाठी दिसल्या. तीन उजव्या भागात आहेत, त्यांतली सर्वांत मोठी साडेचार सेंटिमीटरची आहे आणि ती एका मोठ्या शिरेला लागून आहे. चौथी डाव्या भागात, अगदी पृष्ठभागाजवळ, दीड सेंटिमीटरची आहे. फुप्फुसे स्वच्छ आहेत. अण्णांना दहा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. दारू नाही, तंबाखू होती ती आता सुटली आहे.

आम्ही तीन शल्यचिकित्सकांना दाखवले आणि तीन वेगवेगळी मते मिळाली. पहिल्यांचे म्हणणे असे की आतड्याची गाठ हेच मूळ आहे, ते आधी काढावे, मग केमो द्यावी आणि यकृताचे नंतर पाहावे. दुसऱ्यांच्या मते एकाच भुलेत आतडे आणि यकृत दोन्ही उरकावे, म्हणजे माणसाला दोनदा टेबलावर जावे लागणार नाही. तिसरे म्हणाले की जिवाला धोका यकृतातल्या गाठींचा आहे, म्हणून दोन-अडीच महिने केमो, मग यकृत आणि सर्वांत शेवटी आतडे. तिघेही अनुभवी आहेत आणि तिघांनीही आम्हाला पुरेसा वेळ दिला, त्यामुळे कोणाचे चुकते असे मला म्हणायचे नाही. मात्र निर्णय आमच्यावर सोडला आहे, आणि तो कशाच्या आधारावर घ्यायचा हेच आम्हाला उमगत नाही.

तिसऱ्या डॉक्टरांनी कागदाच्या पाठीमागे यकृताचे चित्र काढून, उजवा भाग पेनाने गिरवून दाखवला. तो भाग काढल्यावर उरणारे यकृत सुमारे २६ टक्के भरते, असे त्यांनी सांगितले. तोपर्यंत गप्प बसलेल्या अण्णांनी तो कागद स्वतःकडे ओढून एकच प्रश्न विचारला, "डॉक्टरसाहेब, काढल्यावर माझ्याजवळ उरंल ते पुरंल का?" तेव्हापासून माझ्याही मनात तोच प्रश्न घोळतो आहे. या क्षेत्रातल्या जाणकारांनी किंवा ज्यांच्या घरात हे होऊन गेले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. केमो पुढच्या आठवड्यात आमच्याच भागात सुरू करण्याचे ठरते आहे.

उत्तर १: निवृत्त शल्यचिकित्सक, छत्रपती संभाजीनगर

ताई, आपण माहिती फार व्यवस्थित दिली आहे, त्यामुळे नेमके उत्तर देणे सोपे झाले. मी अण्णांना तपासलेले नाही आणि स्कॅन पाहिलेला नाही. त्यामुळे निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच, मी फक्त विचार कसा करावा एवढे सांगतो. सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो: अण्णांनी विचारलेला प्रश्न हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे. यकृताच्या शस्त्रक्रियेत किती काढले यापेक्षा किती उरले, आणि उरलेल्याला रक्त येण्याचा, जाण्याचा आणि पित्त वाहून जाण्याचा मार्ग शाबूत राहिला का, हे आधी पाहिले जाते. निरोगी यकृत असेल तर मूळच्या साधारण २० टक्के भागावर माणूस तरून जातो. बरीच केमो झालेली असेल तर ३० टक्के तरी हवे असे मानतात, आणि यकृत आधीच कठीण झालेले असेल तर ४० टक्के. अण्णांचे २६ टक्के भरते आणि त्यांना मधुमेह आहे, म्हणजे यकृतात चरबी असण्याची शक्यता आहे. केमो झाल्यावर सरळ उजवा भाग काढणे त्यांच्या बाबतीत जोखमीचे ठरेल. हा अडथळा तिन्ही क्रमांमध्ये येतोच, म्हणून क्रमाच्या आधी त्याचा विचार करावा.

आता तीन मतांकडे वळू.

आधी आतडे हा जुना आणि रुळलेला क्रम आहे. आतडे बंद पडत असेल, गाठ फुटण्याची भीती असेल किंवा रक्तस्राव आटोक्यात येत नसेल तर तोच योग्य, तिथे वाद नाही. परंतु "मूळ उपटले की फांद्या वाळतात" ही शेतातली समजूत या आजाराला लागू होत नाही. यकृतात रुजलेल्या गाठी आता स्वतःच्या बळावर वाढतात. ज्यांच्या दूरवर पसरलेल्या गाठी काढण्याजोग्या नाहीत आणि ज्यांना आतड्याचा त्रासही नाही, अशा १६५ रुग्णांवर जपानमध्ये अभ्यास झाला. आतड्याची गाठ आधी काढून केमो दिलेल्यांचे आयुष्य नुसती केमो दिलेल्यांपेक्षा वाढले नाही. अण्णांच्या गाठी काढण्याजोग्या वाटतात, त्यामुळे तो अभ्यास त्यांना जसाच्या तसा लागू नाही, पण "मूळ आधी" हा आग्रह कशावर उभा आहे हे त्यावरून तपासता येते. या क्रमाचा खरा तोटा वेगळाच आहे. आतड्याचा जोड गळला, पोटात पू झाला, तर दोन-तीन महिने केमोही देता येत नाही आणि यकृतालाही हात लावता येत नाही, आणि त्या काळात यकृतातला आजार पुढे जातो.

दोन्ही एकदम करण्याबाबत पूर्वी फार भीती होती, ती आता कमी झाली आहे. फ्रान्समध्ये रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करून झालेल्या मेटासिंक या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात १०५ रुग्ण घेतले होते आणि ८५ जणांचे विश्लेषण झाले. एकदम शस्त्रक्रिया झालेल्यांत गंभीर गुंतागुंत ४९ टक्के आणि टप्प्याटप्प्याने झालेल्यांत ४६ टक्के होती, म्हणजे जवळपास सारखीच. टप्प्याच्या गटातले आठ जण यकृताच्या शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलेच नाहीत, त्यांतल्या सहा जणांचा आजार मधल्या काळात वाढला. एकदम करण्याच्या बाजूने ही मोठी गोष्ट आहे. तरीही हे आकडे अनुभवी केंद्रांतले आहेत, आणि जवळपास निम्म्या रुग्णांना गंभीर गुंतागुंत झाली हेही नजरेआड करू नये. माझ्या अनुभवाने सांगतो: आतड्याचे काम सोपे आणि यकृतातली गाठ लहान व कडेला असेल, तर एकदम करणे उत्तम. पण एकाच बैठकीत आतड्याचा जोड आणि यकृताचा अर्ध्याहून मोठा भाग काढणे, तेही उरणारे यकृत २६ टक्के असताना, मी केले नसते. जोड गळून जंतुसंसर्ग झाला की तो निभावून नेण्याचे काम यकृतालाच करायचे असते, आणि त्या आठवड्यात ते सर्वांत दुबळे असते. अशा प्रसंगी रुग्ण चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळा पडू लागतो आणि मग आपल्या हातात फारसे काही राहत नाही. मी ते पाहिले आहे.

आधी यकृत हा क्रम जिनिव्हाचे शल्यचिकित्सक जिल मेंथा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडला. आजार यकृतात जास्त आणि आतड्यात त्रास कमी, किंवा गाठ गुदाशयात असून तिला किरणोपचार द्यायचे आहेत, अशा रुग्णांना तो विशेष उपयोगी पडतो. तोटा एकच: वाट पाहताना आतडे बंद पडू शकते. म्हणून पोट फुगणे, वारा न सरणे, ओकाऱ्या, कळ येऊन पोट गच्च होणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र न काढता रुग्णालय गाठावे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे.

एकंदर निकालाबाबत सांगायचे तर तिन्ही क्रमांचे दीर्घकालीन परिणाम योग्य रुग्ण निवडल्यास साधारण सारखेच येतात. त्यामुळे "सर्वांत चांगला क्रम कोणता" हे कोड्यासारखे सोडवू नका. आज आधी कशाचा धोका आहे आणि कोणत्या वाटेने गेल्यावर सर्व गाठी निघूनही पुरेसे यकृत उरेल, हे विचारा.

आता त्या २६ टक्क्यांचे काय करता येते ते पाहू. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येते, आणि ती शीर आत शिरताना उजवी-डावी फुटते. आपल्या भागात कालव्याच्या पाळीवर दारे धरणाऱ्याला हे लगेच कळेल: उजव्या वाफ्याचे दार बुजवले की सगळे पाणी डावीकडे मोडते. तसेच त्वचेतून सुई घालून उजवी शाखा बंद केली की डाव्या भागाला जास्त रक्त मिळते आणि तो चार ते सहा आठवड्यांत वाढतो. जपानचे मासातोशी माकुउची यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. मात्र डाव्या भागात गाठ असेल तर वाढीव रक्त तिलाही मिळते, म्हणून ती आधी काढून घेतात. याला दोन टप्प्यांची यकृत शस्त्रक्रिया म्हणतात: पहिल्या टप्प्यात डावी बाजू स्वच्छ करणे, मग उजवी शाखा बंद करणे, आणि डावे यकृत वाढल्यावर उजवा भाग काढणे. अण्णांची डावी गाठ लहान आणि वरच्यावर आहे, त्यामुळे पहिल्या टप्प्यात त्या गाठीपुरता तुकडा आणि सिग्मॉइड आतडे एकदम काढता येतील का, हे जरूर विचारा. तिघांच्या मतांमधला हा चौथा मार्ग आहे आणि तो नवा नाही.

यकृत दुभागून ठेवून एक-दोन आठवड्यांतच दुसरी शस्त्रक्रिया करण्याची आल्प्स नावाची पद्धतही आहे. स्कँडिनेव्हियातील लिग्रो अभ्यासात या पद्धतीने ९२ टक्के रुग्ण पूर्ण शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचले, नेहमीच्या दोन टप्प्यांत ५७ टक्केच. वाढ वेगाने होते हे खरे. पण हे काम फार जड आहे, आणि ती रोज हाताळणाऱ्या मोजक्या केंद्रांखेरीज कुठे करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटी, उजवा भाग पूर्ण काढणेच भाग आहे का, हेही विचारा. तीन गाठी स्वतंत्रपणे, थोड्या कडेसह काढता आल्या तर यकृत वाचते, आणि पुढे आजार परत आला तर पुन्हा शस्त्रक्रियेला वाव राहतो. आजार परत येणे विरळ नाही, निम्म्याहून अधिक रुग्णांत तो कुठे ना कुठे परत दिसतो. तरीही सर्व गाठी निघालेल्या रुग्णांपैकी साधारण ४० ते ५० टक्के पाच वर्षांनंतर हयात असतात. चौथ्या टप्प्यातल्या कॅन्सरसाठी हा आकडा मोठा आहे, म्हणून "पसरला आहे, आता काय उपयोग" असे कोणी म्हटले तर ऐकू नका.

उत्तर २: रुग्णाची पत्नी, अंबाजोगाई

ताई, मी डॉक्टर नाही, पण आमच्या घरात हे होऊन गेले आहे. वरच्या डॉक्टरसाहेबांनी सांगितलेल्या सर्व गोष्टी आम्हाला उशिरा कळल्या. आपण "केमो पुढच्या आठवड्यात सुरू होते आहे" असे लिहिले आहे, ते वाचून राहवले नाही म्हणून लिहिते. केमो सुरू होण्याआधी यकृताचे काम करणाऱ्या शल्यचिकित्सकाला स्कॅन दाखवा. नंतर नव्हे, आधी.

माझ्या मिस्टरांच्या यकृतात पाच गाठी होत्या. आधी केमो, मग यकृत, असे आम्हालाही सांगितले होते, पण किती सायकल, म्हणजे केमोच्या फेऱ्या, द्यायच्या आणि मध्ये कोणाला दाखवायचे हे कोणी लिहून दिले नाही. जवळच्या गावी जिथे केमो घेत होतो तिथे गाठी लहान होत आहेत म्हणून सर्वांना आनंद झाला, आणि चारच्या जागी दहा सायकल झाल्या. दहाव्यानंतरच्या स्कॅनमध्ये दोन गाठी दिसेनाशा झाल्या. आम्ही पेढे वाटले. मुंबईत यकृताच्या डॉक्टरांनी स्कॅन पाहिला तेव्हा त्यांचा चेहरा मात्र काळजीचा झाला. त्यांनी समजावून सांगितले की स्कॅनवर गाठ दिसत नाही म्हणजे ती मेली असे नसते. बऱ्याच वेळा तिथे जिवंत पेशी उरलेल्या असतात, आणि कुठे कापायचे तेच दिसत नाही. त्यांनी केमोच्या आधीचा स्कॅन मागितला. आमच्याकडे फक्त छापील अहवाल होता. सीडी ज्या केंद्रात राहिली होती तिथे ती सापडली नाही. शस्त्रक्रियेत यकृतावर सोनोग्राफी ठेवून शोधले, एक जागा सापडली, दुसरी सापडली नाही. दहा महिन्यांनी तिथेच गाठ परत आली.

शिवाय एवढ्या केमोने यकृत निळसर आणि ठिसूळ झाले होते, रक्तस्राव जास्त झाला, असे नंतर सांगण्यात आले. मिस्टर आज आहेत, दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया होऊन सव्वा वर्ष झाले, सकाळी देवळापर्यंत चालत जातात. पण ती दुसरी शस्त्रक्रिया कदाचित टळली असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

म्हणून सांगते. सीडी स्वतःजवळ ठेवा, शक्य असेल तर दोन प्रती काढा. आमच्याकडे आता ती सातबाऱ्याच्या कागदांबरोबर लोखंडी पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली असते. केमोच्या किती सायकलनंतर स्कॅन आणि त्यानंतर किती आठवड्यांनी शस्त्रक्रिया, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. आमच्या डॉक्टरांनी शेवटच्या केमोनंतर चार ते सहा आठवडे थांबायला सांगितले होते, आणि केमोसोबत बेव्हासिझुमॅब हे औषध असेल तर ते शस्त्रक्रियेच्या निदान सहा आठवडे आधी बंद करायला सांगितले होते, कारण त्याने जखम भरत नाही.

खर्चाचे म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. पण प्रत्येक शस्त्रक्रियेला आधी मंजुरी लागते, त्यामुळे रुग्णालयात शिरल्याबरोबर आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनीसाच्या, टेबलावर जा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर असू द्या. दोन टप्प्यांत शस्त्रक्रिया होणार असेल तर दोन्ही मंजुऱ्या वेगळ्या लागतात का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. मुंबईला जावे लागले तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरच्या रुग्णांची राहण्याची सोय होते. आम्ही तिथे एकोणीस दिवस होतो. आमच्या शेजारच्या खोलीत जालन्याचे एक कुटुंब होते, त्यांच्या सुनेने मला पहिल्या दिवशी स्टोव्ह पेटवून दिला आणि रोजची तपासणीची रांग कशी लागते ते सांगितले. त्या माणसांचा मोठा आधार झाला.

उत्तर ३: क्ष-किरणतज्ज्ञ, लातूर

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत. मी फक्त माझ्या कामातल्या गोष्टी जोडतो, आणि एका मुद्द्यावर डॉक्टरसाहेबांना थोडे पुढे नेतो.

पहिली गोष्ट, सीटीवर चार गाठी दिसल्या म्हणजे चारच आहेत असे धरून चालू नये. यकृतात चरबी असेल तर सीटीवर लहान गाठी लपतात. केमोच्या आधीच यकृताच्या पेशींत शोषले जाणारे खास औषध टोचून एमआरआय करून घ्यावा. त्यात एक सेंटिमीटरहून लहान गाठीही उठून दिसतात. मधुमेह्यांच्या बाबतीत मी याचा आग्रहच धरतो. हा एमआरआय नंतर काढलेल्या स्कॅनशी ताडून पाहायला उपयोगी पडतो, म्हणजे अंबाजोगाईच्या ताईंवर आलेला प्रसंग येत नाही. आणि यकृतातली गाठ काढण्याजोगी असेल तर तिच्यात सुई घालून तुकडा घेण्याची घाई कोणी करू नये. सुईच्या मार्गावर पेशी सांडण्याचा धोका असतो, आणि आतड्याचा तुकडा तपासून निदान आधीच झालेले आहे.

दुसरी गोष्ट गाठ जाळण्याच्या उपचाराची. डॉक्टरसाहेबांनी तिचा उल्लेख केला नाही. सोनोग्राफी किंवा सीटीच्या आधाराने त्वचेतून सुई थेट गाठीत नेऊन मायक्रोवेव्हने ती जाळतात. तीन सेंटिमीटर किंवा त्याहून लहान गाठी असलेल्या ३०० रुग्णांवर मुख्यतः नेदरलँड्समध्ये झालेल्या कोलिजन अभ्यासात जाळणे हे शस्त्रक्रियेपेक्षा कमी ठरले नाही आणि दुष्परिणाम १९ टक्के विरुद्ध ४६ टक्के इतके कमी होते. त्यामुळे अण्णांची डावी दीड सेंटिमीटरची गाठ, आणि उजवीकडच्या तीनपैकी ज्या लहान असतील त्या, जाळून संपवता येतील का, हे विचारण्यासारखे आहे. तसे झाले तर कदाचित पूर्ण उजवा भाग काढण्याची गरजच राहणार नाही. साडेचार सेंटिमीटरची गाठ मात्र जाळण्याच्या मापात बसत नाही, आणि मोठ्या शिरेला लागून असलेल्या गाठीत वाहते रक्त उष्णता ओढून नेते, त्यामुळे ती अर्धवट जळण्याची भीती असते. ती कापूनच काढावी लागेल.

पोट उघडून की दुर्बिणीने, हा प्रश्न आपल्याला कोणी ना कोणी विचारेलच. नॉर्वेतील ऑस्लो-कॉमेट अभ्यासात २८० रुग्ण होते. दुर्बिणीच्या गटात गुंतागुंत १९ टक्के, उघड्या शस्त्रक्रियेत ३१ टक्के, आणि आयुर्मान दोन्हींत सारखेच. मात्र त्यांत यकृताचा लहान तुकडाच काढायचा होता. शिरेला चिकटलेल्या मोठ्या गाठीसाठी शल्यचिकित्सकाचा हात ज्या पद्धतीवर बसला असेल तीच निवडावी.

पुन्हा उत्तर १: निवृत्त शल्यचिकित्सक

लातूरच्या डॉक्टरांचे म्हणणे रास्त आहे. जाळण्याचा पर्याय मी लिहायला हवा होता. माझी उमेदीची वर्षे कापण्यात गेली, त्यामुळे तो विचार मनात उशिरा येतो. अंबाजोगाईच्या ताईंनी लिहिलेले तर प्रत्येक कुटुंबाने वाचावे.

ताई, आणखी दोन गोष्टी. तिन्ही डॉक्टरांचे कागद घेऊन चौथ्याकडे जाऊ नका. जिथे आतड्याचा शल्यचिकित्सक, यकृताचा शल्यचिकित्सक, केमोचा डॉक्टर आणि क्ष-किरणतज्ज्ञ एका टेबलाभोवती बसून एकच स्कॅन पाहतात, अशा ट्यूमर बोर्डासमोर अण्णांचे कागद ठेवा. मुंबईचे टाटा रुग्णालय आहेच, आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय म्हणजे राज्य कर्करोग संस्था आहे, तिथून सुरुवात करता येईल. आतड्याच्या तुकड्यावर रास, ब्राफ आणि एमएसआय या जनुकांशी संबंधित तपासण्या सांगितल्या आहेत का, हेही पाहा, कारण केमोसोबत कोणते औषध द्यायचे ते त्यावर ठरते.

दुसरे, मधल्या आठवड्यांत अण्णांना बसवून ठेवू नका. शिरेतून लोह देऊन हिमोग्लोबिन वाढवून घ्या, साखर ताब्यात आणा, रोज अर्धा तास चालू द्या, जेवणात अंडी, डाळ, दूध वाढवा. उरणारे यकृत वाढणार आहे ते या खाण्यावरच वाढणार आहे.

प्रश्नकर्ती: गोदाकाठची लेक

आपणा सर्वांचे ऋण शब्दांत सांगता येणार नाही. काय झाले ते कळवणे कर्तव्य आहे म्हणून लिहिते.

केमो आठवडाभर पुढे ढकलली आणि देवगिरी एक्सप्रेसने आधी ट्यूमर बोर्डासाठी गेलो. एमआरआयमध्ये उजवीकडे आणखी एक आठ मिलिमीटरची गाठ सापडली, म्हणजे चार नव्हे, पाच. पाचव्या गाठीचे ऐकून मला रडू आले, पण तिथल्या मॅडम म्हणाल्या की आज सापडली हे चांगले झाले. उजवीकडच्या गाठी सुट्या सुट्या काढणे किंवा जाळणे शिरेजवळच्या मोठ्या गाठीमुळे आणि त्यांच्या दाटीमुळे शक्य नाही, असे त्यांनी स्क्रीनवर एकेक दाखवून सांगितले. ठरले ते असे: चार सायकल केमो, लगेच स्कॅन, मग पहिल्या टप्प्यात सिग्मॉइड आतडे आणि डाव्या गाठीपुरता तुकडा एकदम. त्यानंतर उजवी पोर्टल शाखा बंद करायची, पाच आठवड्यांनी पुन्हा मोजणी करायची, आणि डावे यकृत पुरेसे वाढले तर उजवा भाग काढायचा. वाढले नाही तर काय, हेही मी विचारले. तेव्हा थेट कापणार नाही, यकृतातून रक्त बाहेर नेणारी शीरही बंद करून आणखी वाढ होते का ते पाहू, असे त्यांनी सांगितले. सायकल, स्कॅन आणि शस्त्रक्रिया यांच्या तारखा एका कागदावर लिहून, सही करून दिल्या आहेत.

पहिला टप्पा गेल्या महिन्यात झाला. सहाव्या दिवशी ताप आला तेव्हा जोड गळला की काय म्हणून आमचे प्राण कंठाशी आले होते, पण तो छातीतल्या कफाचा निघाला आणि तीन दिवसांत उतरला. शौचासाठी पोटावर पिशवी लावावी लागली नाही. उजवी शाखा बंद करून आज सतरा दिवस झाले. शाखा बंद करण्याआधी डॉक्टरसाहेबांचे दार बुजवून पाणी मोडण्याचे उदाहरण मी अण्णांना सांगितले, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "मग डाव्या वाफ्याला पाणी चढायला टाइम लागंल. घाई करू नका म्हणावं." अण्णा ओसरीवरून विहिरीपर्यंत दिवसातून चार फेऱ्या मारतात. मोजणीचा स्कॅन पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला आहे. टक्के किती भरले ते त्याच दिवशी इथे लिहीन.